मुळशीचा उतार की यवतची सपाटी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोथरूडला राहता, मिस्टर दोन वर्षांत रिटायर होतायत, सोबत ७८ वर्षांच्या सासूबाई. दोन प्लॉट बघून ठेवलेत. एक मुळशीत, बॅकवॉटरच्या वर, डोंगराच्या उतारावर. दुसरा यवतच्या पुढे, कॅनॉलजवळ, सपाट काळ्या रानातला. मिस्टर सोलापूरकडचे त्यामुळे त्यांना डोंगरच पाहिजे, तुम्ही भोरच्या त्यामुळे तुम्हाला डोंगराचं काही अप्रूप नाही, आणि तुम्ही विचारताय की डोंगरात राहण्यात खरंच काही आहे का नुसती पावसाळ्यातल्या रील्सची हवा आहे.

आहे. पण कुठून बघताय त्यावर आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर, २६ वर्षं झाली छोटी घरं बांधतोय, बंगले, फार्महाऊस, गावाकडची घरं. जन्म दौंड तालुक्यातला, म्हणजे पक्का सपाटीवरचा माणूस, आणि बायको वेल्ह्याची, आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथली, कानद खोऱ्यातली. त्यामुळे हा वाद माझ्या घरात लग्नापासून चालू आहे. मुलाच्या बारशाला माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्या गावाला चार दिवस राहिल्या, तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून म्हणाल्या, "इथं डोळ्याला टेकूच नाही कुठं." मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं वर्षभरानं माझे वडील ऑगस्टमध्ये त्यांच्याकडं गेले, आठवडाभर राहणार होते ते तिसऱ्या दिवशी परत. का आलात विचारलं तर म्हणाले, "पाहुणचार चांगला केला रे, पण आभाळ कुठं ठेवलंय त्यांनी?" दोघंही खरंच बोलत होते. माणूस लहानपणी ज्या चौकटीत झोपला ती चौकट त्याला म्हातारपणी लागते, असं माझं मत आहे, आणि तुमच्या मिस्टरांना डोंगर हवाय तो राहायला का बघायला, हे त्यांना आधी नीट विचारून घ्या.

कारण गंमत अशी आहे की डोंगरावर घर बांधलं की डोंगर दिसत नाही. मुळशीच्या त्या प्लॉटवरून काय दिसतं ते आठवून बघा. समोर पाणी, पलीकडच्या काठावरची रिसॉर्ट्स, त्यामागं धूसर रांग. तुमचा स्वतःचा डोंगर तुमच्या पाठीवर असतो, किचनच्या खिडकीतून दिसते ती कापलेली लाल मातीची दरड आणि तिच्यातून पाझरणारं पाणी. बरं सपाटीला लांबवर दिसतं म्हणतात तेही अर्धंच खरं. मोकळ्या माळावर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं, पण कॅनॉलच्या पट्ट्यात आता माळ राहिलाय कुठं, ऊस उभा राहिला की नजर बांधापर्यंतच, तोडणी होईस्तोवर. आमच्या वडिलांचं आभाळ तेवढं शिल्लक आहे. ते मात्र खरंच मोठं आहे, जूनमधला पहिला वळीव पार कुरकुंभकडून चालत येताना दिसतो, अर्धा तास आधी कपडे काढून घेता येतात.

डोंगराचं सगळ्यात जास्त वेड इंग्रजांना होतं ना? त्यांनी काय केलं बघा. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचा, आणि पाऊस सुरू झाला की सगळा बाडबिस्तरा घेऊन खाली पुण्यात. गणेशखिंडीतली ती इमारत, आत्ताची विद्यापीठाची मुख्य इमारत, पावसाळ्यात राहायला म्हणून बांधलेली. टिळकांचंसुद्धा तेच, सिंहगडावर बंगला होता पण तो उन्हाळ्यातल्या विश्रांतीला, बाकी वर्ष गायकवाडवाड्यात. म्हणजे ज्यांना परवडत होतं त्यांनीही डोंगर बारा महिने घेतला नाही. पुणं पर्जन्यछायेत आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होऊन इकडं उरलंसुरलं येतं, वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर. आणि २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या २४ तासांत मुळशीपुढच्या ताम्हिणी घाटात पडला ५५६. पुण्याच्या वर्षाच्या पावसाच्या जवळजवळ पाऊणपट एका दिवसात, आणि अंतर किती, तर चांदणी चौकातून कारनं दीड तास, भूगावला ट्रॅफिक नसेल तर. (भूगावला ट्रॅफिक नसतं असं सांगणारा एजंट भेटला तर बाकीचंही काही ऐकू नका.)

हा पाऊस घरात कसा शिरतो ते सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. तो वरून पडत नाही, आडवा येतो, पश्चिमेकडून. छपरात काही होत नाही, पश्चिमेची भिंत पिऊन पिऊन फुगते. ऑगस्टमध्ये आतल्या बाजूला हात लावला की गार दगडासारखी लागते, मग पुट्टी पापड्यांसारखी सुटते, कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागं हिरवी बुरशी, चामड्याचा पट्टा, बॅगा, सासूबाईंच्या पोथ्या, सगळ्यावर पांढरी लव. माझ्या सासुरवाडीला मे संपताना पश्चिमेच्या भिंतीला बांबूच्या तट्ट्या आणि वरून प्लॅस्टिक कागद बांधतात, दिसायला घर गबाळं दिसतं पण आत कोरडं राहतं. पुण्याचा क्लायंट नेमका त्याच भिंतीला आठ फुटी काच मागतो, सनसेट व्ह्यू म्हणून. मी आता सरळ सांगतो की काच लावा पण बाहेर चार-पाच फूट पडवी काढा, नाहीतर दुसरा माणूस बघा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं दोन दोन आठवडे सूर्य नसतो, शनिवार-रविवार ते रोमँटिक वाटतं, सलग पंधरा दिवस नाही वाटत. माझा एक क्लायंट, एकदम हौशी माणूस, पहिल्याच पावसाळ्यात कोथरूडच्या बंद फ्लॅटची किल्ली परत घेऊन गेला भावाकडून.

एवढा पाऊस पडून मार्चमध्ये पाण्याची बोंब, हे ऐकून तुमच्या मिस्टरांना पटणार नाही. भोरच्या म्हणून तुम्हाला पटेल. धरण उशाला आणि कोरड घशाला. आपला सगळा डोंगर काळ्या कातळाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक. कातळ पाणी पीत नाही. पाणी मुरतं ते फटींतून आणि दोन थरांच्या मधल्या मऊ पट्ट्यातून, तिथंच झरे फुटतात, आणि उतारावर पडलेलं बाकीचं ओढ्यातून तासाभरात धरणात. म्हणून उतारावर बोअर मारणं म्हणजे लॉटरी. एका साईटला आम्ही दोन बोअर कोरडे घालवले आणि शंभर पावलांवर गावच्या जुन्या आडाला मे महिन्यात पाणी होतं. गावच्या म्हाताऱ्याला आधी विचारलं असतं तर क्लायंटचे पैसे वाचले असते, चूक माझीच.

आता उताराबद्दल, माझा खरा विषय. उतारावर सपाट जागा करायची तर वरची बाजू कापायची आणि तीच माती खाली टाकून भर करायची, सगळे हेच करतात. अर्धं घर कापलेल्या घट्ट मुरमावर आणि अर्धं भरावावर. भराव कितीही रोलर फिरवला तरी दोन-तीन पावसाळे बसत राहतो. मला एकदा दुसऱ्याने बांधलेलं घर बघायला बोलावलं होतं, पौडच्या पुढं. हॉलच्या बरोबर मधून फरशीतून निघालेली भेग भिंतीवर चढून स्लॅबपर्यंत, खाली केसाएवढी आणि वर इतकी रुंद की मालकानं पाच रुपयाचं नाणं आत सरकवून दाखवलं. भेग वर रुंद याचा अर्थ घराची दरीकडची बाजू खाली झुकतेय. खणून बघितलं तर भेग जिथं होती बरोबर तिथंच मुरूम संपून भराव सुरू होत होता. ज्यानं बांधलं तो फोन उचलत नव्हता. शेवटी त्या मालकांनी खालून रिटेनिंग वॉल, म्हणजे भराव अडवणारी भिंत, घातली, तिच्यात पाणी निघायला भोकं, मागं दगडांची गाळणी, आणि खर्च जवळपास निम्म्या घराएवढा. एजंट प्लॉटचा भाव सांगतो, या भिंतीचा सांगत नाही.

सरकारी नियम तसा साधा आहे, १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही. म्हणजे पाच फूट पुढं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर सोडून द्या, एजंटकडं कोणताही कागद असू दे. मोजायला सर्व्हेअर लागत नाही. दहा मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे घालवा, एक टोक वर धरा एक खाली, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत राहतं, दोन्हीकडं जमिनीपासून पाण्यापर्यंत टेप लावा, दोन्हींतला फरक म्हणजे चढ, तो दोन टोकांमधल्या आडव्या अंतराशी ताडून बघा. गवंडी आयुष्यभर हेच करतात.

आणि दरड. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातल्या माळीणमध्ये सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. मग २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी. घाबरवायला सांगत नाही, सगळे उतार असे नसतात. पण प्लॉट बघायला गेलात की व्ह्यूकडं पाठ करून वर बघा. उताराला आडव्या भेगा आहेत का, झाडांचे बुंधे खालून वाकून मग सरळ झालेत का, वरच्या अंगाला नवा रस्ता किंवा दुसऱ्या कोणाचं प्लॉटिंग कापलंय का, जुने ओढे बुजवलेत का. जुनं गावठाण कुठं आहे तेही बघा. मावळातलं जुनं गाव बहुतेक करून ओढ्याच्या वाटेत बसत नाही, सोंडेवर नाहीतर खाचरांच्या वरच्या टेपाडावर असतं. त्या लोकांनी जी जागा रिकामी सोडली ती का सोडली हा प्रश्न प्लॉट घेणाऱ्यानं विचारायचा.

उन्हाचं गणित आता पटकन सांगतो. डोंगर पश्चिमेला असेल तर दिवस लवकर बुडतो. समजा ३०० मीटर उंचीची धार घरापासून ६०० मीटरवर असेल तर सूर्य तिच्याआड जवळजवळ दोन तास आधी जातो. एप्रिलमध्ये हे वरदान आहे, साडेचार-पाचला अंगण सावलीत. डिसेंबरमध्ये चारनंतर स्वेटर. थंडीचंही उलटं असतं, उंचावर थंड हे खरं, दर हजार मीटरला सहा-साडेसहा डिग्री कमी, पण हिवाळ्याच्या रात्री उतारावरची गार हवा जड होऊन खाली घरंगळते आणि दरीच्या तळाला साचते. म्हणून पाषाणला शिवाजीनगरपेक्षा पारा खाली असतो. दरीच्या अगदी तळाचा प्लॉट जानेवारीच्या रात्री सगळ्यात गार, त्याच डोंगराच्या मध्यावरचा त्याहून उबदार. सासूबाईंचे गुडघे लक्षात घ्या.

आवाज तर विसरलोच. दरीत आवाज मरत नाही, पाण्यावरून घसरत येतो. शनिवारी रात्री पलीकडच्या काठावरचा डीजे तुमच्या बेडरूममध्ये.

म्हणजे यवत घ्या असं म्हणतोय का? थांबा. काळ्या रानाचं दुखणं वेगळं आहे. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात आमच्या रानात भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जायचा, चेंडू गेला की गेला. अशा मातीवर नेहमीसारखा तीन-चार फुटी पाया घेतला तर घर दर वर्षी श्वास घेतं, पावसाळ्यात दारं अडकतात, उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा. उपाय आहे, पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा, काळी माती जोत्याखालून पूर्ण काढून मुरूम भरायचा, आणि काळी फारच खोल असेल तर अंडररीम पाइल, खाली फुगा असलेले खांब. खर्च वाढतो, पण रिटेनिंग वॉलएवढा नाही, आणि एकदाच होतो. खड्डा घेतल्याशिवाय टोकन देऊ नका, जेसीबीचं तासाभराचं भाडं, बास.

उन्हाळा कडक आहे, चाळीसच्या वर जातो, तोही दमट नाही, भाजणारा. पाऊस कमी, कॅनॉल आहे म्हणून हिरवं दिसतं, खडकवासल्याचं पाणी हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत येतं, म्हणजे गंमत बघा, मुठेच्या डोंगरात पडलेलं पाणी शेवटी सपाटीवाल्यांच्या रानात. पण कॅनॉलच्या खालच्या बाजूला वर्षानुवर्षं पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, बोअरचं पाणी मचूळ, गिझरची कॉइल वर्षात पांढरी. पाण्याची टेस्ट करून घ्या. नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. आणि बिबट्याची भीती डोंगरातच असते असं कोणी म्हणालं तर त्याला जुन्नर-शिरूरकडं पाठवा, तिथले बिबटे उसातच जन्मतात.

सपाटीचं जे खरं सुख आहे ते फोटोत येत नाही. सासूबाई स्वतःच्या पायांनी काठी न घेता मंदिरापर्यंत जाऊन येतील. ॲम्ब्युलन्स दारात येईल. कडुलिंब लावला तर पाच वर्षांत सावली. सायकल. आणि महात्मा गांधींनी १९४६ ला निसर्गोपचार केंद्रासाठी जागा निवडली ती उरुळी कांचन, तुमच्या यवतच्या अलीकडचीच. ऊस नसेल तिथं माळ आहे अजून, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात संध्याकाळी चिंकारा बघायला एकदा मिस्टरांना न्या, सपाटी म्हणजे काहीच नाही हा त्यांचा समज असेल तर तो तिथं जाईल. सोलापूरचे असून त्यांना हे मी सांगायला नको खरं तर.

माझं मत विचाराल तर दोन्ही सोडा. आषाढात पुण्यातून दोन पालख्या निघतात, माऊलींची दिवे घाट चढून सासवडला जाते आणि तुकोबांची लोणी काळभोर, यवत करत सपाटीनं. मधला पट्टा तुम्ही बघितलाच नाहीये. सासवडचं पठार, किंवा साताऱ्याच्या रस्त्यानं नसरापूर, कापूरहोळ. पाऊस मुळशीच्या मानानं पुष्कळ कमी, हवा यवतपेक्षा गार, जमीन बऱ्याच ठिकाणी मुरमाड, म्हणजे माझ्यासारख्याला झोप लागेल अशी. सासवडला विमानतळाच्या बातम्यांनी भाव वेडे झालेत, म्हणून मी नसरापूरकडं आधी बघेन, हायवेपासून एक-दोन किलोमीटर आत. तुमचं माहेरही जवळ. डोंगर तीन-चार किलोमीटरवर पाहिजे, मावळतीच्या बाजूला. एवढ्या अंतरावर तो पूर्ण दिसतो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, सकाळी त्याच्यावर ऊन पडतं आणि तुम्ही चहा पिता, पावसाळ्यात त्याच्यावर पडणारा पाऊस तुमच्या अंगणातून दिसतो आणि तुमची भिंत कोरडी असते. 'दुरून डोंगर साजरे' हे लोक टोमणा म्हणून मारतात, मी ते साईट सिलेक्शनचा नियम म्हणून वापरतो.

आम्ही स्वतः धायरीला चौथ्या मजल्यावर राहतो. किचनच्या खिडकीतून सिंहगडाचा टॉवर दिसतो, ती खिडकी बायकोची. माझी पूर्वेची बाल्कनी, तिथून आधी थोडं आभाळ दिसायचं, आता समोर बावीस मजली झाली.

तरी मिस्टर मुळशीवरच अडले तर एक करा. टोकन देण्याआधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच गावात घर भाड्यानं घेऊन सलग आठ दिवस राहा, शनिवार-रविवार नाही, सासूबाईंना घेऊन, आणि कपडे मशीनला न वाळवता दोरीवर वाळवा. यवतला तसंच मे महिन्यात, दुपारी लाईट गेलेली असताना. आणि एजंटनं पाठवलेला तो ड्रोनचा व्हिडिओ मला परत पाठवू नका, वरून बघितलं की सगळेच उतार सपाट दिसतात. सातबारा, खरेदीखत, एनएचा म्हणजे बिगरशेतीचा आदेश असेल तर तो, आणि नळीनं मोजलेला चढ एवढं पाठवा, गणपतीनंतर एखाद्या रविवारी येऊन बघतो.